‘बोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्यांना

घरातला डेस्कटॉप अडखळायला लागला की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. सल्ले मात्र दोनच असतात. पहिला, ‘फॉरमॅट मारून घ्या.’ त्यानं भागलं नाही तर दुसरा, ‘बोर्ड गेलाय, यात आता पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ दुकानदार हेच सांगतो, आयटीतला पुतण्या हेच सांगतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निवृत्त साहेबही हेच सांगतात. एवढ्या लोकांचं एकमत आहे म्हणजे त्यात तथ्य असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. माझा या एकमतालाच विरोध आहे. दहा घरांतल्या दहा बिघाडांवर एकच उत्तर निघतं, याचा अर्थ बिघाड कुणी शोधलेलाच नाही.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. डेस्कटॉप पाच-सहा वर्षांचा झाला की त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आज एसएमपीएस बदलाल, उद्या डिस्क जाईल, परवा आणखी काही. घरी येणाऱ्या माणसाचे व्हिजिटचे पैसे वेगळे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा आधारही काढून घेतला. मग कशाला हा खटाटोप?

ऐकायला हे सरळ वाटतं. पण यात बिघाड ‘संगणकात’ आहे असं धरून चाललेलं असतं, आणि संगणकात असा मोघम बिघाड नसतोच. तो एसएमपीएसमध्ये असतो, रॅमच्या पट्टीत असतो, डिस्कमध्ये, केबलमध्ये, कूलरच्या तुटलेल्या खिट्टीत किंवा थेट भिंतीतल्या प्लगमध्ये असतो. मोबाइलमध्ये आणि हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावर डाख देऊनच बसवलेली असते. तिथे ‘सगळंच बदला’ हे एक वेळ समजू शकतं. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरपासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तू एका स्क्रू-ड्रायव्हरनं सुटी होते. या यंत्राचा हाच सर्वांत मोठा गुण, आणि सल्लागारांनी नेमका तोच मोडीत काढला आहे.

शोधाला सुरुवात करायला हत्यारंही लागत नाहीत. यंत्र बंद पडतं ते नेमकं केव्हा, एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. बटण दाबल्या दाबल्या पंखा एखादा फेरा मारून थांबत असेल तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा कुठे झालेल्या शॉर्टवर. चालू होऊन पाच-दहा मिनिटांत, हात न लावताही बंद होत असेल तर उष्णतेवर. इंटेल प्रोसेसरच्या खोक्यात वर्षानुवर्षं जो कूलर मिळत आला तो प्लॅस्टिकच्या चार खिट्ट्यांवर बोर्डाला अडकवलेला असतो. त्यातली एक जरी सुटली तरी कूलर एका बाजूनं उचलला जातो, प्रोसेसरचा पारा शंभर अंशांकडे धावतो, आणि तो स्वतःला वाचवायला आधी वेग पाडतो, मग यंत्रच बंद करतो. याला ‘कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस असेल’ म्हणून फॉरमॅट मारणारे आहेत! मुलानं गेम उघडला की लगेच रीस्टार्ट होत असेल तर बहुधा एसएमपीएस. निळा पडदा आज मेमरीचा कोड दाखवतो, उद्या ड्रायव्हरचा, परवा तिसराच, अशी भानगड असेल तर आधी रॅम तपासावी. मेमटेस्ट८६+ फुकट मिळतं, पेनड्राइव्हवरून चालतं. रात्री लावून झोपायचं. सकाळी त्यात एकच चूक दिसली तरी ‘एकच तर आहे’ म्हणून सोडायची नसते. पट्टी काढून, तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पुन्हा बसवायची आणि पुन्हा चाचणी लावायची. (खोडरबर घासायची पद्धत सर्रास चालते, पण दातांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि खोडरबर त्याला फार प्रेमानं वागवत नाही.) पडदा कोरा, पण पंखे फिरताहेत, अशी तक्रार असेल तर आधी मागे वाकून मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डात ते बघावं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यांच्यात ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे बोर्डावरच्या भोकात केबल खुपसली तर पडदा जन्मात उजळणार नाही.

इथे अर्धवट माहितीवाल्यांचाही समाचार घ्यायला हवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसली की ते ‘बघा, पॉवरच लिहिलंय’ म्हणत एसएमपीएस बदलायला लावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तर नोंद बघायला गेलो.

सर्वांत जास्त घोळ मात्र विजेच्या बाबतीत होतो. ‘बोर्डावरचा दिवा लागतोय, म्हणजे एसएमपीएस चांगला, म्हणजे बोर्डच गेला’ हा तर्क जाणत्यांच्या तोंडीही असतो. प्लग लावताच, बटण दाबण्याआधीपासून, एसएमपीएस जांभळ्या तारेतून पाच व्होल्टचा एक छोटा पुरवठा बोर्डाला देत असतो. बटण दाबल्याची खबर पोचते ती त्यावर, आणि तो दिवाही लागतो त्यावरच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्याच्यावर जगतात तो पिवळ्या तारांमधला बारा व्होल्टचा मुख्य पुरवठा नंतर सुरू होतो, तो ११.४च्या खाली किंवा १२.६च्या वर गेला की प्रमाणाबाहेर गेला. दिव्यावरून त्याच्याबद्दल काडीचंही कळत नाही. हिरवी तार काळीला क्लिपनं जोडून पंखा फिरवून दाखवणारेही भेटतात. त्यानं सिद्ध होतं ते इतकंच की लोड नसताना एसएमपीएस सुरू होतो. लोड आल्यावर तो मान टाकतो की नाही, हे कळायला ओळखीच्या घरातला चालता एसएमपीएस आणून लावून बघावा लागतो. काही ब्रँडेड डेस्कटॉपचे कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचे नसतात, तिथे हा मार्ग बंद होतो. पण घरोघरी जे ‘असेंबल्ड’ डबे आहेत त्यांना ही अडचण नाही.

एसएमपीएस एका रात्रीत क्वचितच मरतो. त्याच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षं आटत जातो आणि आटण्याचा वेग उष्णतेवर ठरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा. १०५ अंशांना २,००० तासांचा म्हणून विकला जाणारा कॅपॅसिटर या हिशेबानं ६५ अंशांना ३२,००० तास चालतो आणि ७५ अंशांना १६,०००. रोज आठ तास वापर धरला तर पहिल्याची जवळजवळ अकरा वर्षं होतात, दुसऱ्याची साडेपाच. मधले दहा अंश येतात जाळीवर साचलेल्या धुळीतून आणि टेबलाच्या ज्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असतं त्या कप्प्यातून. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात, तिथे तर बोलायलाच नको. डेस्कटॉपचं पाच-सहा वर्षांचं ‘नैसर्गिक’ आयुष्य सांगणाऱ्यांनी एकदा ती जाळी पुसून पाहावी. आटत चाललेल्या एसएमपीएसची खूणही ठरलेली असते: थंडीच्या सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर यंत्र उठतं, आणि एकदा गरम झालं की दिवसभर कुरकुरत नाही. अशा यंत्रावर ‘बोर्ड’चा शिक्का हमखास बसतो.

मग यूपीएस. वीज लुकलुकली की यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो आणि दोष संगणकाला. यूपीएसच्या पोटातली बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. बॅटरी धडधाकट असली तरी प्रश्न संपत नाही. मेनवरून बॅटरीवर जायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ एसएमपीएसनं स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. मानकाप्रमाणे त्याच्यात सोळा-सतरा मिलिसेकंदांचा दम हवा. कॅपॅसिटर आटला की दम तुटतो. दोघांपैकी चोर कोण, हे शोधायला यूपीएसवर संगणकाऐवजी जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावावा आणि भिंतीवरचा स्विच बंद करावा. बल्ब विझला तर यूपीएसची बॅटरी. तेवत राहिला तर एसएमपीएसकडे वळावं. याला खर्च शून्य.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, याचंही निदान ‘बोर्ड शॉर्ट’ असं केलं जातं. एसएमपीएसच्या तोंडाशी जी विजेची गाळणी असते तिच्यातले दोन बारके कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. घराला अर्थिंग नसलं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात खोचलेला असला, तर तो पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे २३०च्या निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असतो, पण त्याच अवस्थेत टीव्हीची केबल जोडली तर पोर्ट उडायचा धोका असतो. इथे संगणकवाल्याला बोलावून उपयोग नाही, वायरमन हवा. आणि झिणझिण्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर प्लग उपटून बाजूला व्हावं. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टचा डीसी साठा असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. ‘घरी हात घालणं धोक्याचं’ या आक्षेपात खरं आहे ते एवढंच. बाकी बोर्डावर बारा व्होल्टच्या वर काही नसतं.

आता फॉरमॅट. बोर्डावर सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल असतो. पन्नासेक रुपयांची वस्तू. तो संपला की संगणकाचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग बँकांच्या साइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत, आणि घरात बोंब होते की इंटरनेट गेलं. बऱ्याच जुन्या बोर्डांवर सेलबरोबर बायॉसमधल्या नोंदीही पुसल्या जातात. डिस्क कोणत्या पद्धतीनं वाचायची ती नोंद कारखान्यातल्या मूळ जागी परतते. विंडोज त्याहून वेगळ्या पद्धतीत बसवलेलं असेल तर ते सुरू होता होता ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळतं. आता येणारा माणूस म्हणतो, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारतो. नवं विंडोज बायॉसच्या त्या क्षणीच्या पद्धतीप्रमाणे बसतं, म्हणून झकास चालू होतं. घरचे खूश, माणूस खूश, आणि फॉरमॅटच्या यशोगाथेत आणखी एका उदाहरणाची भर. बायॉसमधली एक ओळ बदलून आणि सेल टाकून जे झालं असतं त्यासाठी मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले, याची गाथेत नोंद नसते. मेलेला सेल तर बोर्डावर तसाच असतो.

डिस्कच खरोखर मरत असेल तेव्हा फॉरमॅट हा निव्वळ अत्याचार ठरतो. डिस्क स्वतःची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात लिहीत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्राम तो तक्ता दाखवतो. त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोर आकडे चढत असतील तर पृष्ठभाग खराब होतोय. पण फक्त १९९ चढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष असते. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधली साटा केबल डेटा नीट पोचवत नसते. शे-दीडशे रुपयांची केबल बदलली की तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, आणि तेच हवं असतं. हा फरक न बघता ‘डिस्क बॅड झालीय’ म्हणून नवी विकणं हा व्यापार झाला.

तक्ता स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगायचंय. गुगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तक्त्यातल्या ज्या चार खुणा सर्वांत बोलक्या ठरल्या, त्यांपैकी एकही खूण न दाखवता मेलेल्या डिस्का ५६ टक्क्यांहून अधिक होत्या. उलट, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणून संशय आला की पहिलं काम डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून कामाच्या फायली काढून घेणं. बाकी सगळं त्यानंतर. आतून टकटक ऐकू येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावं आणि पुन्हा पुन्हा चालू करून ‘आता तरी दिसतेय का’ हे करू नये. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून फिरतो. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि उरलीसुरली आशा संपते.

राहिला बोर्ड. या वाक्यालाही एके काळी आधार होता. २००० सालानंतरची काही वर्षं सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले, त्यांची डोकी फुगली, फुटली. डेल कंपनीला ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपचे असे बोर्ड बदलण्यापायी २००५मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तेव्हा ‘बोर्ड गेला’ हे पुष्कळदा खरं होतं. तरी तेव्हाही गेलेले असत ते कॅपॅसिटर, आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते किरकोळ पैशांत मिळत. डाख देणारा हात तेवढा हवा. पुढे बोर्डांवर घन पॉलिमरचे कॅपॅसिटर आले आणि हा रोग ओसरला. रोग गेला, निदान राहिलं. बोर्ड आजही जातात. पण रॅमची एकच पट्टी, प्रोसेसर आणि चांगला एसएमपीएस, एवढ्यावर बोर्ड टेबलावर काढून चालवून पाहिल्याशिवाय तसं म्हणायचा कुणाला अधिकार नाही. इतकं करूनही तो उठला नाही आणि प्लॅटफॉर्म दहा-बारा वर्षांचा असेल, तर मीही नवीन घ्या म्हणेन. लॅमिंग्टन रोडवर त्या पिढीचे वापरलेले बोर्ड मिळतात, पण दुसऱ्याच्या घरातला बिघाड विकत आणण्यात शहाणपण नाही.

दुरुस्तीवाल्यांवर सगळं खापर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. कधीमधी येणारा बिघाड शोधायला यंत्र दुकानात दोन दिवस चालू ठेवावं लागतं, आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो. ‘काही बदललं नाहीत, मग पैसे कसले?’ हा प्रश्न आपणच विचारतो. फॉरमॅटला दर ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, आणि शेवटी दाखवायला लखलखीत नवा डेस्कटॉप असतो. शोधण्याला दर नाही. ज्या कामाला दर नाही ते काम कोण करील? निदानाचे वेगळे पैसे देईन, पार्ट बदलला नाही तरी देईन, असं एकदा सांगून पाहा. तोच माणूस मल्टीमीटर बाहेर काढतो.

विंडोजचा मुद्दा उरतो, आणि तो त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनचीच यंत्रं चालतात. पण आठव्या-नवव्या पिढीच्या पुष्कळ यंत्रांमध्ये टीपीएम प्रोसेसरमध्येच असतं आणि बायॉसमध्ये नुसतं बंद ठेवलेलं असतं. अशांनाही ‘सपोर्ट नाही’ म्हणून नवं यंत्र विकलं जातं. त्याआधीच्या यंत्रांना मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट देऊ केले. त्यापुढे लिनक्स मिंट आहे. मराठी टायपिंग, बँक, यूट्यूब, मुलांचा अभ्यास त्यावर होतो. ज्यांचं काम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर किंवा टॅलीवर चालतं त्यांची गैरसोय होईल, त्यांनी नवं घ्यावं. तरीही विंडोज १० जुनं झालं या कारणानं रीस्टार्ट होणारं यंत्र टाकून देणं म्हणजे दोन वेगळ्या फिर्यादी एकाच आरोपीवर लादणं आहे.

आणि टाकणार कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. गल्लीतल्या भंगारवाल्याच्या हातगाडीला त्यांचा पत्ता नाही. ‘मेलेला’ म्हणून त्या गाडीवर चढवलेल्या डब्यात डिस्क बहुधा जिवंत असते. तिच्यावर आधारची स्कॅन केलेली प्रत असते, पॅन असतं, आयकराचे कागद असतात, आणि रिसायकल बिन रिकामा केल्यानं किंवा झटपट फॉरमॅटनं यातलं काही खरोखर पुसलं जात नाही. तेव्हा टाकायचा पक्का निर्णय झाला असला, तरी कॅबिनेट उघडून डिस्क काढून घ्यावीच लागते. डाव्या बाजूचा पत्रा बहुतेक डब्यांना मागच्या दोन स्क्रूंवर असतो. तो उघडलाच आहे तर एसएमपीएसची जाळी, कूलरच्या चार खिट्ट्या आणि तो सेलही बघून घ्या.